ओब्रादचा नवा क्लच

ओब्राद पान्तेलिचने आयुष्यात एकही काम अर्धवट सोडलं नाही. अर्धवट सोडायला काम आधी निम्म्यापर्यंत न्यावं लागतं, आणि तिथवर पोहोचण्याच्या आत त्याला कॉफीची तलफ यायची.

नोकरीही त्याला साजेशीच मिळाली. शहराच्या बस स्थानकावर तो माइकसमोर बसायचा आणि गाड्या सोडायचा. म्हणजे तोंडाने. ड्रायव्हर समोरच्या टपरीवर मांसाचा ब्युरेक खात असला, गाडीचं चाक काढून ठेवलेलं असलं, तरी ओब्रादच्या आवाजात बेलग्रेडची बस वेळेवर सुटायची. प्रवासी रिकाम्या फलाटाकडे बघत उभे राहायचे. निवृत्त झाला तेव्हा माइक सरकारजमा झाला. सवय मात्र त्याच्यासोबत घरी आली.

घरात न्हाणीघराचा नळ तारेने बांधलेला होता. शहराबाहेर टेकडीवर त्याने सुट्टीत राहायला म्हणून एक घर बांधायला घेतलं होतं. खालच्या मजल्याला गिलावा नव्हता, पण वरच्या मजल्याच्या सळया मात्र छपरातून आभाळाकडे निघालेल्या. त्या गंजून तांबड्या झाल्या. त्याची बायको झागोर्का दर शरद ऋतूत त्या सळयांना मिरच्यांच्या माळा अडकवायची आणि म्हणायची, "चला, सळया तरी कामाला आल्या."

मुलगी नेदा लहान असताना त्याने तिच्यासाठी झोपाळा करायला घेतला. दोन खांब रोवले. आडवा दांडा "या आठवड्यात" येणार होता. नेदा मोठी झाली, दातांच्या दवाखान्यात नोकरीला लागली. खांब अजून उभे आहेत. त्यांच्यामध्ये झागोर्का चादरी वाळत घालते.

आणि मग त्याची गाडी. लास्ता. जुन्या देशात निघालेली, तेव्हा घरोघर असलेली छोटी गाडी. तो देश गेला, कारखाना गेला, गाड्या भंगारात गेल्या. जेवढ्या उरल्या त्यांच्यापायी निवृत्त माणसांना रविवारी घराबाहेर पडायला कारण मिळालं.

इमारतीच्या मागे पत्र्याच्या गॅरेजांची रांग होती. रविवारी सकाळी चर्चची घंटा वाजली की तिघं आपापले पत्र्याचे दरवाजे वर सरकवत. चर्चला कुणीच जात नसे. घडीच्या खुर्च्या बाहेर यायच्या, केबलच्या लाकडी रिळाचं टेबल व्हायचं, छोट्या शेगडीवर कॉफीचं भांडं चढायचं आणि आलुबुखाराच्या दारूची, राकियाची बाटली मधोमध यायची. मग गाड्यांची सुखदुःखं निघत. हातात पाना घेऊन बोलायची पद्धत होती. पाना वापरलाच पाहिजे अशी पद्धत नव्हती.

पहिलं गॅरेज स्रेत्कोचं. हा वीज मंडळात खांबांवर चढायचा. त्याची लास्ता खरोखर चालायची, पण तिच्यात लास्ताचं काय उरलं होतं ते तोच जाणे. पंप ट्रॅक्टरचा, पट्टा कपडे धुण्याच्या मशीनचा, आरसा कुणाच्या तरी मोटरसायकलचा.

"गाडी कसली, सर्वपक्षीय सरकार आहे," ओब्राद म्हणायचा.

"पण पडत नाही," स्रेत्को म्हणायचा.

दुसरं गॅरेज विदोयेचं. हा शाळेत भूगोल शिकवायचा. त्याची गाडी अशी चकचकीत, की तिच्यात बघून दाढी करावी. सीटवर प्लास्टिक, प्लास्टिकवर चादर. रविवारी ती ढकलून बाहेर काढायची, पुसायची, आणि ढकलून आत ठेवायची. इंजिन चालू केलं की नळीत काजळी धरते असं त्याचं म्हणणं होतं. जगभरातल्या नद्या पाठ असलेला हा माणूस स्वतःच्या गाडीने शहरातली नदीसुद्धा कधी ओलांडत नव्हता.

या रांगेचा एक नियम होता. ज्याच्या गाडीचं काम झालं, त्याने पाजायची. बाकीच्यांनी बसून त्या कामाची कथा पहिल्या नटापासून ऐकायची, मध्येमध्ये जीभ टाळ्याला लावून "च् च्" करायचं, आणि शेवटी ग्लास उचलायचा. नवी कथा नसलेला माणूस दुसऱ्याच्या ग्लासावर जगायचा. दोन-तीन रविवार ते चालायचं. त्यानंतर टोमणे सुरू व्हायचे.

त्या हिवाळ्यात स्रेत्कोने रेडिएटर डागला. विदोयेने बंपरला झिलई केली. ओब्रादच्या गाडीची क्लच प्लेट मात्र झिजून कागद झाली होती. चढ दिसला की इंजिन बोंबलायचं आणि चाकं ऐकायची नाहीत. जुन्या सामानाच्या बाजारात त्याला प्लेटचा नवा संच सापडला, कारखान्याच्या मेणकागदात जसाच्या तसा. खोकं काखेत मारून तो घरी आला आणि त्याला वाटलं, निम्मं काम झालं. कॉफी पिऊन झाल्यावर वाटलं, बहुतेक सगळंच झालं.

रविवारी स्रेत्कोने बाटली पुढे ओढली. "काय ओब्राद, आज पण फुकटच? क्लचचं काय झालं?"

"बसवला," ओब्राद म्हणाला.

बेलग्रेडची बस सुटायची तसंच ते तोंडातून सुटलं. गाडी फलाटावर आहे की नाही हे बघायची त्याला कधी गरज पडली नव्हती.

"एकट्याने?" विदोयेने विचारलं.

"एकट्याने. उताणा पडून. गिअरबॉक्स छातीवर घेतला. झाडूच्या दांड्याला ब्लेडने तासून प्लेट मधोमध आणली. बोल्ट समोरासमोरचे, आळीपाळीने, प्रत्येकाला पाव वेढा. सरळ एका ओळीत आवळत गेलास तर प्लेट तिरकी बसते."

माहिती बरोबर होती. माहितीत ओब्राद कधीच चुकत नसे. विदोयेचे डोळे पाणावले. "फरशी गार असेल रे," तो म्हणाला.

"बर्फ," ओब्राद म्हणाला, आणि आपल्या पाठीला खरंच गारवा लागल्यासारखं त्याने अंग आखडलं. मग घरची राकिया आणून पाजली.

खोकं फडताळात, सगळ्यात खाली गेलं. त्याच्यावर झागोर्काने भाजल्या मिरच्यांच्या चटणीच्या, ऐवारच्या बरण्या मांडल्या. बरण्यांना फळी कमी पडत होती, ती सोय झाली.

वसंतात नेदाने लग्न ठरवलं. नवरा मुलगा वेल्को, ओश्ट्रा घाटापलीकडच्या लिपोवो गावचा, मधमाश्या पाळणारा, मोजकं बोलणारा. लग्न तिकडच्याच चर्चमध्ये होणार होतं. जेवताना नेदा म्हणाली, "बाबा, मी लास्तातून जाणार."

झागोर्काचा सुपाचा पळा भांड्यावर थांबला.

"कशाला गं?" ओब्राद म्हणाला. "वेल्कोच्या मामाची एवढी मोठी गाडी आहे. लास्ताच्या सीटचा रंग तुझ्या पांढऱ्या झग्याला लागेल."

"लागू दे. क्लच तू स्वतः बसवलास ना?"

"बसवला म्हणजे… हो."

"मग झालं तर." नेदाने पाव मोडला. "वेल्कोकडचे लोक आपल्या टेकडीवरच्या घराशेजारून गेले होते. सळयांना मिरच्या बघून हसले. वेल्को नाही हसला, बाकीचे हसले. मी त्यांना म्हटलं, हसू नका. माझ्या बाबाने गाडी स्वतःच्या हाताने उभी केलीये, त्याच गाडीतून मी चर्चला येईन. आता तू नाही म्हणू नकोस."

तिच्या बालपणात दोन खांब होते आणि झोपाळा नव्हता. तिने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. बापाचं एक काम एकदाचं पुरं झालंय, एवढ्यावरच ती खूश होती. इमारतीतल्या कुणाचाही ओब्रादच्या क्लचवर शंभर टक्के विश्वास नव्हता. तिचा होता.

ती ताटं घेऊन आत गेल्यावर झागोर्का म्हणाली, "बरण्या हलवू का? खोकं काढून देते."

"अजून वेळ आहे," ओब्राद म्हणाला.

वेळ होता हे खरं. पण एक अडचण त्याच्या आता लक्षात आली. क्लच आधीच बसलेला होता. सगळ्यांनी त्यावर राकिया प्यायली होती. गॅरेजचं दार उघडं ठेवून गिअरबॉक्स उतरवावा, तर स्रेत्को विचारणार, बसवलेला क्लच परत कशाला काढतोस? दार लावून घ्यावं, तर उन्हाने तापलेल्या पत्र्यात माणूस उकडून निघेल, आणि आतल्या आवाजाने रांगेतली खुर्चीन् खुर्ची दाराशी येऊन बसेल. खोटं बोलून त्याने कष्ट वाचवले होते. आता तेच कष्ट चोरून करायचे होते, आणि ओब्रादला तर राजरोसही करवत नव्हते.

एकदा तो गाडीखाली गेला. जॅक लावला, खाली पुठ्ठा अंथरला, उताणा पडला. वर बघितलं. नट गंजाने बसलेले. एकावर पाना लावून जोर दिला. नट हलला नाही, डोळ्यात माती पडली. गंज सुटायला तेल हवं म्हणून तो बाहेर आला. बाहेर विदोये भेटला. "काय, तेलपाणी बघतोयस?" विदोयेने विचारलं. ओब्राद म्हणाला, "हो, तेलपाणी." मग दोघांनी कॉफी घेतली. पुठ्ठा गाडीखाली तसाच राहिला. पुढे त्यावर मांजरीने पिल्लं घातली. त्या गाडीखाली तेवढं एकच काम तडीस गेलं.

शेवटी ओब्रादने क्लचची तार एक वेढा सैल केली. सपाटीवर गाडी बरी चालू लागली. त्याला नवा हुरूप आला. चढच टाळला तर? लिपोवोला दोन रस्ते होते. एक ओश्ट्रा घाटाचा, जवळचा आणि छातीवर येणारा. दुसरा नदीकाठचा, लांबचा, पण हाताच्या तळव्यासारखा सपाट.

पण वऱ्हाड ज्या वाटेने येतं त्या वाटेने परत जात नाही. नवरी घेऊन आल्या वाटेनेच माघारी फिरलं तर सुखही माघारी फिरतं, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ओब्राद तर या बाबतीत सगळ्यांत कडक. स्रेत्कोच्या मुलाच्या लग्नात त्यानेच अख्ख्या वऱ्हाडाला नांगरलेल्या शेतातून फिरवून आणलं होतं. नवरीच्या बुटांना लागलेला चिखल स्रेत्को अजून विसरला नव्हता.

तेव्हा ओब्रादने डोकं चालवलं. त्याने वेल्कोच्या मामाला, रादुलला फोन लावला. वऱ्हाडाचा म्होरक्या तोच होता.

"व्याही, एक सुचवू का? येताना तुम्ही घाटातून या. वरून देखावा काय दिसतो! फोटोवाल्याला सांगून ठेवा."

"घाटातून? बरं, येऊ की," रादुल म्हणाला.

"म्हणजे जाताना आपण नदीकाठाने."

"हो, म्हणजे तसंच ना. आल्या वाटेने कोण जातंय?"

फोन ठेवून ओब्रादने झागोर्काकडे विजयी मुद्रेने बघितलं. झागोर्का बरण्या पुसत होती. "एवढं डोकं पान्याला लावलं असतंस," ती म्हणाली, "तर आत्तापर्यंत दोन गाड्यांचे क्लच झाले असते."

लग्नाच्या दिवशी लास्ता धुऊन दारात उभी राहिली. आरशांना विणकामाचे पांढरे टॉवेल बांधले, बॉनेटवर फुलं चिकटवली. विदोयेने स्वतःचं खास पॉलिश दिलं, आणि ते ओब्रादच्या गाडीवर खर्ची पडताना बघवेना म्हणून तोंड फिरवून उभा राहिला. इमारतीच्या कोपऱ्यावरच्या उंच काठीला सफरचंद टांगलं. नवऱ्या मुलाने ते बंदुकीने पाडल्याशिवाय नवरी मिळत नाही.

ओब्राद अंगणात उभा राहून ओश्ट्राच्या दिशेला कान लावून होता. बँडचा आवाज आला. पण तो मागून आला. नदीकडून.

निशाण लावलेली पहिली गाडी वळणावरून आली, मागे रादुलची, त्यामागे बाकीच्या, आणि एका टेम्पोत उभे राहून गाल फुगवणारे कर्णेवाले.

"व्याही!" ओब्राद धावला. "घाटातून ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं," गाडीतून उतरत रादुल म्हणाला. तो जाडजूड होता आणि त्याच्या कोटाच्या खिशाला फुलांचा गुच्छ होता. "पण बँडवाले पुलाजवळ राहतात. त्यांचा टेम्पो बंद पडला. त्यांना आमच्या टेम्पोत घ्यायचं म्हणून नदीकडून आलो. जाताना घाट. त्यात काय?"

"घाट जरा… टॉवेल उडतील वाऱ्याने."

"उडू देत. तुमची गाडी तर पक्षी आहे म्हणे! क्लच नवा, स्वतः घातलेला, झाडूचा दांडा तासून. स्रेत्कोने पुलावर सगळं सांगितलं." रादुलने त्याच्या पाठीवर थाप मारली. "अशी माणसं राहिली नाहीत हो आता."

बँडवाल्यांचा बंद टेम्पो बघायला पुलावर गेलेला स्रेत्को मागे उभा होता. तो खरंच कौतुकाने सांगून आला होता. टोमणा मारायचा असता तर ओब्रादला उत्तर देता आलं असतं.

"आपण शेतातून वळसा…" ओब्राद म्हणाला.

"शेतातून?" स्रेत्को पुढे आला. "माझ्या सुनेचे बूट आठवतात ना तुला?"

तेवढ्यात वेल्कोची गोळी सफरचंदाला लागली, बँड उसळला, आणि नेदा दारात आली. पांढऱ्या झग्यात ती सरळ लास्ताकडे चालत गेली आणि पुढच्या सीटवर बसली. रंगाकडे तिने बघितलंही नाही. झागोर्का जेवणासाठीच्या ऐवारच्या बरण्यांची पिशवी घेऊन मागे बसली. पिशवी जड होती. शेजारणीने गाडीमागे पाणी ओतलं, वाट सुरळीत वाहावी म्हणून.

"मागे वळून बघायचं नाही हं," झागोर्का मुलीला म्हणाली.

"माहीत आहे."

शहरातून लास्ता झकास गेली. लोक खिडक्यांतून हात हलवत होते. ओब्रादने हॉर्न वाजवला. हॉर्न उत्तम होता. ओश्ट्राच्या पायथ्याशी त्याने वेग घेतला, पहिलं वळण त्या वेगावरच मारलं, दुसरंही मारलं. तिसऱ्या वळणावर इंजिन ओरडू लागलं आणि झाडं मागे जायची थांबली.

"बाबा?"

"गरम झालीये जरा."

जळक्या प्लेटचा वास ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. वास गाडीत भरला, खिडकीतून मागच्या गाडीत गेला, तिथून सगळ्या वऱ्हाडाला कळला. निशाणवाली गाडी पुढे निघून गेली. लास्ता अरुंद रस्त्याच्या मधोमध थांबली. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला उतार. मागे हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांची रांग. पुढे कुणाला जाता येईना, आणि मागे जायची सोय नव्हती. वऱ्हाड मागे जात नाही.

ओब्रादने ब्रेकवर पाय दाबून धरला.

"हँडब्रेक ओढ ना," नेदा म्हणाली.

"तो जरा तात्पुरता आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही."

माणसं धावत आली. "चाकामागे काहीतरी लावा! दगड आणा!" रादुल ओरडला. कड्याखाली दगड पुष्कळ पडले होते. झागोर्काने दगड शोधला नाही. ती शांतपणे खाली उतरली, पिशवीतल्या बरण्या एकेक करून रस्त्याच्या कडेला मांडल्या, तळाचं खोकं काढलं आणि मागच्या चाकाखाली पायाने सारलं. ओब्रादने पाय सैल केला. गाडी तसूभर मागे आली, खोकं चुरगळलं, पुठ्ठा फाटला, मेणकागद उलगडला. आतली क्लच प्लेट उन्हात लखलखली. तिला अजून कुणाचं बोटही लागलं नव्हतं.

"चला," झागोर्का म्हणाली, "शेवटी कामाला आली."

बँडवाल्यांना काही कळलं नाही, पण त्यांचेही कर्णे खाली आले. स्रेत्को वाकून त्या प्लेटकडे बघत राहिला.

"ओब्राद," तो म्हणाला, "ही नवी इथे आहे. मग गाडीत जळतेय ती कुठली?"

"फरशी गार असेल म्हटलं होतं मी," विदोये हळूच म्हणाला. "मी रडलो होतो रे त्या दिवशी."

ओब्राद माइकसमोर बसायचा तसाच बसला होता, पण सोडायला गाडी नव्हती.

नेदा उतरली. चाकाशी गेली, खोकं बघितलं, आईकडे बघितलं. वेल्को धावत आला तर त्याला तिने हातानेच थांबवलं. मग ती ओब्रादच्या खिडकीशी आली.

"गिअर काढ," ती म्हणाली. "स्टिअरिंग धर. तेवढं जमेल ना?"

"नेदा, ऐक, मी करणारच होतो…"

"स्टिअरिंग धर, बाबा."

तिने बूट काढून आईच्या हातात दिले, झग्याचा घोळ कमरेला खोचला आणि गाडीच्या मागे जाऊन डिकीला दोन्ही हात लावले. नवरीने मागे बघायचं नसतं. ढकलताना समोरच बघायचं असतं, त्यामुळे रीत मोडली नाही. तिच्या एका बाजूला वेल्को लागला, दुसऱ्या बाजूला रादुल. स्रेत्को आणि विदोयेनेही कोट काढले. त्या रांगेतल्या माणसांनी एवढा जोर कुठल्याही गाडीला आजवर लावला नव्हता. बँडवाल्यांतल्या एकाने चाल धरली, बाकीच्यांनी ढकलत ढकलत ती तोंडाने म्हटली.

ओब्रादने आरशात बघितलं. टॉवेलाच्या कडेतून मुलगी दिसत होती. ओढणी तिरकी, दात ओठांवर, मान ताठ. गाडीत तो एकटा बसला होता आणि घरचे सगळे खाली उतरून ढकलत होते. घरात आजवर हेच चालत आलं होतं. फरक एवढाच, की घरी आरसा नव्हता.

घाटमाथ्यावरून लास्ता उताराने आपली आपण चर्चपर्यंत गेली. पाद्र्याने नवरीचे काळे पाय बघितले आणि प्रार्थना म्हणायला घेतली.

जेवणं झाली, नाच झाला. शहरातले लोक निघाले तेव्हा नेदा बापाजवळ आली. चुरगळलेलं खोकं तिच्या हातात होतं. ते तिने त्याला दिलं.

"पुढच्या रविवारी तुम्ही आमच्याकडे यायचं असतं," ती म्हणाली. मुलगी दिल्यावर माहेरच्यांनी पहिली भेट द्यायची ती तिकडची रीत. "घाटातून या. लास्तातून. ढकलायला कुणी नको."

"आणि नाही जमलं तर?"

"तर आई बसने येईल."

लास्ता दोराने ओढत नदीकाठाने घरी आली, आणि ओब्राद सोमवारी सकाळी गॅरेजमध्ये गेला. दार वर सरकवलं आणि वरच ठेवलं. मांजरीची पिल्लं टोपलीत हलवली, पुठ्ठा झटकला, गाडी उचलून खाली लाकडी ओंडके लावले. पहिल्या नटाने अख्खी सकाळ खाल्ली. रविवारची मंडळी आता रोज जमू लागली. खुर्च्या त्याच्या दाराशी आल्या.

"तेल टाकून थांब जरा," स्रेत्को म्हणाला.

"कॉफी घेतोस का?" विदोयेने विचारलं.

"नको," गाडीखालून आवाज आला.

ओब्राद कॉफीला नको म्हणाला हे कुणी आधी ऐकलं नव्हतं.

गिअरबॉक्स उतरताना खरोखर छातीवर आला. जीव घुसमटला. "उचला रे!" तो ओरडला, तेव्हा स्रेत्को वाकून म्हणाला, "हिवाळ्यात एकट्याने घेतला होतास ना?" आणि मग उचलला. झाडूचा दांडा तासताना अंगठा कापला. प्लेट दोनदा तिरकी बसली, कारण बोल्ट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळायचे हे सांगणं सोपं आणि हाताखाली न दिसणाऱ्या बोल्टला ते करणं वेगळं. दोनदा काढली. तिसऱ्यांदा बसली. कुणी ग्लास उचलला नाही, कारण त्या क्लचची राकिया आधीच पिऊन झाली होती. नियम म्हणजे नियम.

रविवारी लास्ता ओश्ट्रा चढली. भरभर नाही, पण स्वतःच्या चाकांनी चढली. झागोर्का शेजारी बसली होती. तिसऱ्या वळणावर तिने दाराचं हँडल धरलं, वळण संपल्यावर सोडलं.

वेल्कोच्या घरासमोरचा रस्ता उताराचा होता. नेदा फाटकाशी उभी होती. तिने गाडीकडे बघितलं नाही. बापाचे हात बघितले. नखं काळी, अंगठ्याला चिंधी, कोपरांपर्यंत ग्रीस. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. ओब्रादने ते ओळखलं आणि तो सुखावला. त्याने इंजिन बंद केलं आणि बोलायला तोंड उघडलं. पहिल्या नटापासून सांगणार होता.

गाडी हळूहळू पुढे सरकायला लागली. त्याने ब्रेकवर पाय दिला.

"आणि हँडब्रेक?" नेदाने विचारलं.

"तो… या आठवड्यात."

नेदाने फाटकाजवळचा एक मोठा दगड पायाने लोटत आणला आणि चाकासमोर घट्ट बसवला. दगड आधीपासूनच तिथे आणून ठेवलेला होता. मग तिने गाडीचं दार उघडलं.

"उतर बाबा," ती म्हणाली. "जेवण गार होतंय."